तार जमिनीत, कुंपण कुत्र्याच्या डोक्यात

नागपूरच्या बेसा रोडने पुढे गेलं की लेआउट संपतात आणि तुरीची शेतं सुरू होतात. तिथेच माझ्या मित्राने दोन वर्षांपूर्वी घर बांधलं. 30 बाय 50 चा प्लॉट, पुढे दहा-बारा फुटांचं अंगण आणि ब्रुनो नावाचा लॅब्राडोर. ब्रुनोला एकच व्यसन. गेट बोटभर उघडं दिसलं की तो सुटतो. मग वहिनी हातात बिस्किटाचा पुडा घेऊन आणि मित्र स्कूटर घेऊन अर्धा तास त्याच्या मागे.

एका रविवारी मित्राने ऑनलाइन मागवलेलं कुत्र्याच्या अदृश्य कुंपणाचं खोकं माझ्यासमोर उघडलं. "काही नाही रे, तार पुराची, पट्टा घालाचा, झालं. भिंत उंच कराचं काम नाही, जाळी नाही." ओट्यावर बसलेले त्याचे बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "कुत्र्याले करंट लावतं का बे?"

बाबांचं चुकलं नव्हतं. विदर्भात विजेचं कुंपण म्हटलं की डोळ्यांसमोर झटका मशीनच येतं. रानडुकरं आणि रोही पिकात घुसू नयेत म्हणून शेताभोवती उघडी तार ताणतात, तिला बॅटरीवरचं किंवा सोलरचं मशीन जोडतात आणि तारेत दर सेकंदाला क्षणभराचा झटका सोडतात. (लाइनचा करंट थेट तारेत सोडणं हा निराळा प्रकार आहे. तो बेकायदा आहे, आणि त्याने आपल्याकडे माणसंही मेली आहेत आणि वाघही.) कुत्र्याच्या अदृश्य कुंपणात मात्र तारेत झटका नसतोच. तार जमिनीत दोन-तीन इंच खाली असते. तिच्यावर उभे राहा, ओल्या हाताने धरा, काही होत नाही. झटका असतो तो कुत्र्याच्या गळ्यातल्या पट्ट्यात.

घरातल्या प्लगला एक छोटा डबा लावतात. त्यातून निघालेली तार हद्दीभोवती फिरून परत त्याच डब्यात येते, म्हणजे पूर्ण वेढा होतो. डबा या तारेत अगदी कमी ताकदीचा रेडिओ सिग्नल सोडतो, आणि तो तारेच्या दोन्ही बाजूंना काही फुटांपर्यंत पसरतो. कुत्र्याच्या गळ्यातल्या यंत्राला तो सिग्नल लागला की आधी 'टी टी' असा आवाज येतो. कुत्रा तरी पुढे गेला तर गळ्याला टेकलेल्या धातूच्या दोन खुंट्यांमधून झटका बसतो. सिग्नल किती दूर पसरू द्यायचा ते डब्यावरच्या बटणाने ठरतं, झटका किती जोराचा ते गळ्यातल्या यंत्रावर. अमेरिकेत रिचर्ड पेक यांनी 1973 साली या युक्तीचं पेटंट घेतलं. तेव्हापासून यंत्रं लहान झाली, बॅटऱ्या सुधारल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली.

मित्र म्हणाला, झटका म्हणजे नुसती गुदगुली असते. मी म्हटलं, मग लाव माझ्या हाताला. सगळ्यात खालच्या पातळीला हिवाळ्यात स्वेटर काढताना बसतो तसा चटका बसला. तिसऱ्या पातळीला मी हात झटकला आणि तोंडातून जे निघालं ते वहिनींनी ऐकायला नको होतं. यात करंट फार थोडा आणि क्षणभराचा असतो, त्यामुळे त्याने भाजत नाही की हृदय बंद पडत नाही. पण ते दुखावं म्हणूनच बनवलेलं आहे, दुखलं नाही तर कुंपण चालणारच नाही. विकणारे त्याला "सौम्य सूचना" म्हणतात. सूचना म्हणजे तो टी टी आवाज. पुढचं जे आहे त्याला झटकाच म्हणावं.

कुत्रा नेमकं काय शिकतो

हे कुंपण जमिनीत असतं असं आपण म्हणतो खरं, पण ते उभं राहतं कुत्र्याच्या डोक्यात. पट्टा घातला आणि सोडून दिलं तर कुत्र्याला एवढंच कळतं की अंगणात चालता चालता काहीतरी चावलं. कुठून चावलं, का चावलं, पळायचं कुठे, काहीच कळत नाही. म्हणून खोक्यात छोट्या झेंड्यांचं बंडल येतं. तारेवर दर आठ-दहा फुटांवर झेंडी रोवायची. सुरुवातीचे काही दिवस झटका बंद ठेवायचा आणि कुत्र्याला लांब दोरीला बांधून झेंड्यांपर्यंत न्यायचं. आवाज आला की लगेच आत वळवायचं, शाबासकी द्यायची, खाऊ द्यायचा. आवाज झाला की मागे फिरायचं, हा धडा पक्का बसला की मगच सगळ्यात खालची पातळी सुरू करायची. पुढे मुद्दाम बाहेर माणूस उभा करून, चेंडू टाकून परीक्षा घ्यायची. झेंड्या एकदम न काढता हळूहळू कमी करायच्या. रोज दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन शिकवण्या धरल्या तरी दोन ते चार आठवडे सहज जातात.

मी मित्राला विचारलं, इतके दिवस रोज इतका वेळ काढशील? तो म्हणाला, काढतो. मग मी म्हटलं, तेवढ्याच वेळात ब्रुनो गेट उघडल्यावर बसायला शिकेल, आणि त्याला प्लग लागत नाही. तो थोडा चिडला.

आता गुंतागुंतीचा भाग. कुत्रा झटक्याचा संबंध तारेशी लावत नाही, कारण तार त्याला दिसतच नाही. झटका बसला त्या क्षणी समोर जे दिसत होतं किंवा ऐकू येत होतं, त्याच्याशी तो संबंध जोडतो. समजा रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. ब्रुनो शेपूट हलवत तिच्याकडे धावतो आणि नेमका तेव्हाच झटका बसतो. असं चार-पाच वेळा झालं की त्याच्या हिशेबात ते गाणंच चावरं ठरतं. गाडीऐवजी शेजारची शाळकरी पोरं असली तर? आतापर्यंत लाडात येणारा कुत्रा पोरं दिसली की आधी घाबरतो, मग गुरगुरतो. रिचर्ड पोल्स्की या प्राणी-वर्तनतज्ज्ञाने 2000 साली अशा पाच प्रकरणांची नोंद छापली होती. कुंपणाच्या यंत्रणेत असलेल्या कुत्र्यांनी माणसांवर हल्ले केले होते. पाच हा आकडा लहान आहे, त्यावरून सगळ्या कुत्र्यांना एका मापाने मोजता येणार नाही. पण ज्या कुत्र्याला आधीच अनोळखी माणसाचा तिटकारा आहे, त्याच्यासाठी ही यंत्रणा वापरू नका, असं काही कंपन्या स्वतःच्या माहितीपुस्तिकेत लिहितात. ते पान सहसा कोणी वाचत नाही.

उलटंही होतं. काही कुत्री इतकी दबतात की ओट्यावरून उतरायलाच तयार नसतात. शू करायलाही अंगणात जात नाहीत, घरातच कोपरा गाठतात. मालकाला वाटतं, वा, कसा शिकला! तो शिकलेला नसतो, घाबरलेला असतो.

अर्धंच कुंपण

कुंपणाची कामं दोन. आतल्याला आत ठेवायचं आणि बाहेरच्याला बाहेर. अदृश्य कुंपण यातलं पहिलंच करतं, दुसऱ्याच्या वाट्याला जातच नाही. अमेरिकेतल्या उपनगरात, जिथे मोकळी कुत्री रस्त्यावर नसतात, तिथे हे एक वेळ चालून जातं. आपल्या नागपुरात रात्री अकरानंतर कोणत्याही लेआउटमध्ये चक्कर मारून पाहा. प्रत्येक चौकात सात-आठ कुत्र्यांची टोळी असते आणि त्यांच्या गळ्यात काही आपला पट्टा नसतो. ती तार ओलांडून खुशाल आत येणार. तुमचा कुत्रा मात्र झटक्याच्या भीतीने बाहेर पळू शकत नाही, म्हणजे स्वतःच्याच अंगणात सापडणार. चावे, रेबीजची धास्ती, सगळं घरपोच. गोरेवाडा आणि काटोल रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना तर बिबट्याचा विचार करावाच लागतो. बिबट्याला कुत्रा हे आवडतं भक्ष्य, आणि जमिनीतल्या तारेचं त्याला काही देणंघेणं नाही.

आत ठेवण्याचं काम तरी पक्कं होतं का? अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कुत्रे पाळणाऱ्यांची एक पाहणी झाली, ती 2017 साली छापून आली. अशा अदृश्य कुंपणातल्या कुत्र्यांपैकी 44 टक्के कधी ना कधी निसटलेले होते. डोळ्यांना दिसणाऱ्या कुंपणातल्या कुत्र्यांमध्ये हेच प्रमाण 23 टक्के होतं. कारण समजायला अवघड नाही. समोरून मांजर पळालं, रस्त्यावर माजावर आलेली कुत्री दिसली, किंवा दिवाळीत शेजाऱ्याने सुतळी बॉम्ब लावला, की त्या भरात कुत्रा एका झटक्याची किंमत मोजून पार होतो. दुखतं ते क्षणभर. मग बाहेरचा जोर ओसरतो, भूक लागते, घर आठवतं, आणि आता आत यायचं तर पुन्हा तोच झटका. बाहेर जाताना भीती किंवा मोह ढकलत होता, आत येताना ढकलायला कोणी नाही. म्हणून तो गेटासमोरच घुटमळत राहतो, नाहीतर दूर निघून जातो.

प्लॉटचं गणित

मित्राकडे आम्ही मोजपट्टी काढली. 30 फूट रुंदीच्या प्लॉटमध्ये घराच्या दोन्ही बाजूंना चार-चार फूट जागा सुटलेली. हद्दीवर तार टाकली आणि सिग्नल चार फुटांचा ठेवला, तर बाजूची गल्ली पूर्ण त्यात जाते. सिग्नल भिंतीपाशी थांबत नाही, विटांमधून आत घुसतो. म्हणजे ब्रुनो बेडरूमच्या भिंतीला टेकून झोपला तरी टी टी होणार. वरच्या मजल्यावरही थोडाफार पोचतो. पुढच्या अंगणातले तीन-चार फूट इशाऱ्यात गेले की कुत्र्याला राहतं काय? फक्त पुढेच तार टाकून चालत नाही, कारण वेढा पूर्ण व्हावा लागतो. त्याच रेषेवरून तार जवळून परत आणली तर दोन्ही बाजूंचे सिग्नल एकमेकांना मारतात, म्हणून दोन तारांमध्ये साधारण पाच फूट अंतर ठेवावं लागतं. (हाच गुण दुसरीकडे कामी येतो. डब्यापासून हद्दीपर्यंतच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या की तेवढ्या भागात सिग्नल राहत नाही आणि कुत्रा त्यावरून आरामात जातो.) शिवाय जमिनीखालून गेलेल्या विजेच्या किंवा टीव्हीच्या केबलला तार समांतर असली, तर सिग्नल त्या केबलवर चढून भलतीकडेच निघतो. लेआउटमध्ये कुणाची केबल कुठून गेली आहे हे खुद्द टाकणाऱ्यालाही आठवत नाही.

तारेशिवायचे प्रकारही मिळतात. एकात मधोमध डबा ठेवतात आणि त्याच्याभोवती गोल हद्द तयार होते. प्लॉट चौकोनी आणि हद्द गोल, इथेच गाडी अडते. त्यात टिनाचं शेड, लोखंडी गेट किंवा उभी कार आली की गोलाचा आकार वेडावाकडा होतो. दुसरा प्रकार जीपीएसवर चालतो. उघड्या आकाशाखाली साध्या जीपीएसची चूक तीन ते पाच मीटरची धरावी, झाडाखाली आणि भिंतीजवळ त्याहून जास्त. पाच मीटर म्हणजे सोळा फूट, आमच्या मित्राच्या अख्ख्या अंगणापेक्षा जास्त. काल जिथे आवाज झाला तिथे आज होत नाही, तर कुत्र्याने शिकायचं तरी काय?

आपली जमीनही या तारेची मैत्रीण नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि एप्रिल-मेमध्ये बोट जाईल अशा भेगा पडतात. तार ओढली जाते, जोड सुटतो. तार तुटली की डबा कर्कश ओरडतो खरा, पण तो ऐकायला घरी कुणीतरी हवं. पावसाळ्याच्या तोंडाशी वादळात लाइट गेली की डबा बंद, आणि बॅकअप नसेल तर कुंपणही गुल. जवळपास वीज कडाडली तर लांब पसरलेल्या तारेतून येणारा दाब डबाच जाळू शकतो.

पट्ट्याचं वेगळंच. दोन्ही खुंट्या कातडीला टेकल्या पाहिजेत, म्हणून पट्टा घट्ट हवा. पण घट्ट पट्टा दिवसभर ठेवला तर त्याच जागी जखम होते. कंपन्या दिवसातून बारा तासांपेक्षा जास्त ठेवू नका आणि दर एक-दोन तासांनी जागा बदला म्हणतात. आषाढातल्या दमट हवेत ओल्या केसांखाली ती जखम चिघळायला वेळ लागत नाही. आणि पट्टा काढला की कुंपण संपलं, हे हुशार कुत्र्याला आठवडाभरात कळतं.

मग कुणाला चालेल?

माझा मावसभाऊ कळमेश्वरकडे शेतात राहतो. त्याने हाच प्रश्न विचारला तेव्हा माझं उत्तर थोडं वेगळं होतं. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. चौकोनी धरलं तर एक बाजू साधारण 209 फूट आणि वेढा सव्वाआठशे-साडेआठशे फुटांचा. तिथे चार फूट गेले तरी कुत्र्याला धावायला मैदान उरतं. त्याच्या शेताला बाहेरून काटेरी तारेचं कुंपण आधीच आहे, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारं काहीतरी आहे. त्याची मोती पाच वर्षांची आहे, आवाजावर थांबणारी, कुणाच्या मागे न लागणारी. भाऊ दिवसभर तिथेच असतो. त्याला काळजी होती ती जुन्या, कठडा नसलेल्या विहिरीची. अशा एखाद्या जागेभोवती आतला छोटा वेढा टाकणं हा या यंत्राचा मला पटलेला उपयोग. अर्थात त्याला हेही सांगितलं की विहिरीला आधी कठडा बांध. पोरंही तिथेच खेळतात आणि त्यांच्या गळ्यात पट्टा नाही. शिवाय रोटाव्हेटर फिरला की तार कापली जाईल, म्हणून ती पाइपात घाल.

म्हणजे जागा मोठी, बाहेरून खरं कुंपण आधीच असलेलं, कुत्रा शांत आणि वयाने थोडा पक्का, आणि घरी कुणीतरी असणारं. यातली एक गोष्ट कमी असेल तर मी तरी पैसे घालणार नाही. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हा पट्टा नकोच. फटाक्यांना घाबरणाऱ्या, माणसांवर गुरगुरणाऱ्या किंवा वास लागला की जग विसरणाऱ्या बीगलसारख्या कुत्र्यालाही नको. पूर्वी मार खाल्लेल्या, रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याला तर चुकूनही नाही. कुत्रा सारखा का पळतो हे कळत नसेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. पळणारा नर असेल तर नसबंदीनंतर माद्यांच्या मागे भटकणं बरंच कमी होतं, हा झटक्यापेक्षा जुना आणि बरा उपाय.

कायद्याचं म्हणाल, तर वेल्समध्ये 2010 पासून असे झटक्याचे पट्टे वापरायला बंदी आहे, आणि त्यात कुंपणाचे पट्टेही आले. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने 2021 मध्ये शिकवण्यासाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी अशी भूमिका घेतली. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याचं कलम 11 विनाकारण वेदना देण्याला गुन्हा मानतं. तेच कलम आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला गैरवाजवी वेळ बांधून ठेवण्यालाही गुन्हा मानतं. हे सांगायचं कारण असं की पट्टा नको म्हटलं की लोक लगेच म्हणतात, मग साखळीच बरी. तीही नाही.

ब्रुनोचं पुढे काय झालं ते सांगतो. गेटच्या खाली चार इंचांची फट होती, ती बंद केली. भिंतीवर दोन फूट चेनलिंक जाळी चढवली. गेटच्या आत अंगणात कमरेएवढं दुसरं फाटक बसवलं. दूधवाला आला की बाहेरचं गेट उघडतं आणि आतलं बंद राहतं, म्हणजे दोन्ही एकदम उघडण्याचा प्रश्नच नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास दोरी लावून फिरवणं सुरू झालं. गेट उघडताना "बस" म्हटलं की बसायचं, हे ब्रुनो अकरा दिवसांत शिकला. बाराव्या दिवशी मांजर दिसलं आणि तो सगळं विसरला, पण आतलं फाटक बंद होतं.

खोक्यातली दीडशे मीटर तार वाया गेली नाही. तिचे चार पदर पिळून वहिनींनी मागच्या भिंतीला मांडव बांधला आहे, आणि त्यावर यंदा दोडके चांगले लागलेत.